हातभर पाणी पुरे: सोलापुरात राहून वाहत्या पाण्याचे अमूर्त फोटो

सोलापुरात राहून पाण्याचे फोटो काढतो म्हटलं की समोरचा आधी हसतो. नळाला पाणी येण्याचा दिवस इथे घराघरांत कॅलेंडरवर खूण करून ठेवतात. तिथे हा माणूस कॅमेरा घेऊन कुठलं पाणी शोधत फिरतो, असा तो हसण्याचा अर्थ. धबधबे बघायला आपल्याला घाट उतरावा लागतो, हे खरंच आहे. पण मी ज्या फोटोंबद्दल लिहितोय त्यांना धबधबा लागत नाही. उलट धबधबा आड येतो. तो दिसला की डोळा म्हणतो, ‘वा, धबधबा!’ आणि तिथेच थांबतो.

अमूर्त फोटोत काठ नको, आकाश नको, पूल नको, बगळा तर नकोच. किती मोठं पाणी आहे याचा अंदाज येऊ नये. राहायला हवी ती रेघ, ठिपका, घडी, रंगाचा पट्टा. एवढ्यासाठी हातभर रुंदीचं हलतं पाणी पुरतं, आणि तेवढं आपल्याकडे बाराही महिने कुठे ना कुठे असतं. खाली जे लिहिलंय ते मी चुका करत शिकलोय, म्हणून क्रमही माझाच आहे. आधी घर, मग नदी.

आधी परात

नदीवर जाण्याआधी एक सकाळ गच्चीवर घालवा. एक परात घ्या, पण चकचकीत स्टीलची नको. तळ उजळ असला की तो पाण्यातून वर दिसत राहतो आणि प्रतिबिंब फिकं पडतं. माझ्याकडे जुनं, काळं पडलेलं लोखंडी घमेलं आहे, ते उत्तम चालतं. नाहीतर परातीत तळाला काळं प्लास्टिक अंथरा. त्यात चार बोटं पाणी ओता आणि घमेलं सावलीत ठेवा. समोर दोन मीटरवर, उन्हातल्या दोरीवर, घरातली सोलापुरी चादर टाका. लाल, हिरवी, जांभळी, जितकी भडक तितकी चांगली. चादर उन्हात आणि पाणी सावलीत, हे महत्त्वाचं.

आता उभं राहून वरून बघा. काळा तळ दिसेल, चादर दिसणारच नाही. पाण्यावर सरळ वरून पडलेल्या उजेडापैकी जेमतेम दोन टक्के परत फिरतो. मग हळूहळू गुडघ्यावर या, पुढे कोपरावर या. नजर पाण्याशी तिरपी होत गेली की चादरीचे रंग वर येतात, आणि अगदी कडेच्या उंचीवर आलात की घमेल्यात पाणी उरतच नाही, नुसती चादर असते. पाण्याच्या फोटोतला रंग बहुतेक वेळा पाण्याचा नसतो, समोरच्या वस्तूचा असतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती हातानं करून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग एका बोटानं पाण्याला टिचकी मारा. वर्तुळं सुटतील. चादरीवरच्या सरळ पट्ट्या आधी नागमोडी होतील, मग तुटतील, मग त्यांचे डोळ्यासारखे बंद आकार होतील. शटर, म्हणजे फोटोसाठी उजेड आत येऊ देण्याचा वेळ, १/१००० सेकंद ठेवून एक फोटो घ्या, १/६० ला एक, १/४ ला एक. तिन्ही शेजारी ठेवून बघा. पहिल्यात काचेच्या घड्या दिसतील, दुसऱ्यात रंगांच्या शेपट्या, तिसऱ्यात मऊ झालेले पट्टे. कॅमेरा हलू नये म्हणून तो पाटावर टेकवा.

शेजारच्या काकूंनी हे चाललेलं असताना गच्चीवरून डोकावून विचारलं होतं, ‘चादर धुवायलाव का फोटो काढायलाव ओ?’ तयारी ठेवा.

सामान

फार काही लागत नाही. हातानं शटर आणि ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) ठरवता येईल असा कुठलाही कॅमेरा चालेल, आणि शक्य असेल तर ७०-३०० मिमी किंवा ५५-२५० मिमीची झूम लेन्स घ्या. लोक पाण्यासाठी वाइड लेन्स घेतात. माझं मत उलटं आहे. वाइडमध्ये काठ, झुडपं आणि स्वतःच्या चपला येतात. लांबची लेन्स पाण्याचा एक तुकडा कापून हातात देते. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मिमीला दहा मीटरवरचं जेमतेम सव्वा मीटर रुंद पाणी चौकटीत येतं. आपल्याला तेवढंच हवं असतं.

ट्रायपॉड हवा, आणि तो हलका असेल तर मधल्या दांड्याला पाण्याची बाटली टांगा. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. रिमोट नसेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा. फिल्टरपैकी पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारी फिरती काच, आणि एक सहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारी गडद काच), म्हणजे एनडी ६४, एवढे दोन पुरतात. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. फिरवून गडद करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा वाटतो, पण शेवटपर्यंत फिरवला की चौकटीवर काळी फुली उमटते, वाइड लेन्सवर तर फारच. मी तो विकत घेतला आणि आता तो कपाटात असतो.

मोबाइल असेल तरी काम होतं. अँड्रॉइडच्या प्रो मोडमध्ये शटर हातानं ठरवता येतो. अडचण अशी की बहुतेक मोबाइलचं ॲपर्चर बदलत नाही आणि ते मोठं असतं, त्यामुळे उन्हात शटर लांबवला की चित्र पांढरं फक्क होतं. म्हणून मोबाइलवर लांब शटरसाठी पहाट, संध्याकाळ किंवा पुलाखालची सावली गाठा. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला लाँग एक्स्पोजर हा परिणाम देता येतो. तो शटर दाबण्याच्या आधीचे आणि नंतरचे दीड-दीड सेकंद एकत्र करतो. मोठ्या प्रिंटला कमी पडतो, पण सरावाला झकास.

पानाची चाचणी

‘वाहत्या पाण्याला शटर किती ठेवायचा?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ‘अर्धा सेकंद’ असं ठोक उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पाण्याचा वेग, तुमचं अंतर आणि लेन्स हे तिन्ही धरल्याशिवाय त्या अर्ध्या सेकंदाला अर्थ नाही. एकाच प्रवाहावर १८ मिमीला अर्धा सेकंद म्हणजे किंचित मऊपणा, आणि २५० मिमीला तोच अर्धा सेकंद म्हणजे नुसतं दूध.

मी खिशात कडब्याच्या वाळक्या पानाचे तुकडे ठेवतो. ज्वारीचा मुलूख असल्यानं ते कुठेही फुकट मिळतात, आणि पाण्यात गेले तरी कुणाचं काही बिघडत नाही. ट्रायपॉड लावायचा, चौकट ठरवायची, वरच्या अंगाला एक तुकडा टाकायचा आणि तो चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती सेकंद घेतो ते मोजायचं. याला मी पानाचा वेळ म्हणतो. पुढचा हिशोब यावरच चालतो.

समजा पानाला दोन सेकंद लागले. या दोन सेकंदांना २००० ने भागलं की १/१००० येतो. त्या वेळात पाणी चौकटीच्या दोन हजाराव्या भागाइतकंच सरकतं. सहा हजार पिक्सेल रुंद फोटोत ते तीन पिक्सेल झाले, म्हणजे पाणी गोठलं म्हणायला हरकत नाही. उडणारे थेंब मात्र पानापेक्षा कितीतरी जोरात जातात. ते टिपायचे असतील तर १/२००० किंवा त्याहून वेगात जा.

दोन सेकंदांना १६ ने भागलं की १/८. इथे पाण्यात ब्रशचे छोटे फटकारे दिसायला लागतात. प्रवाह कुठे वळतो, कुठे दगडाला अडखळतो, ते रेघेतून कळतं. ४ ने भागलं की अर्धा सेकंद, आणि फटकाऱ्यांचे लांब धागे होतात. पानाचा पूर्ण वेळ किंवा त्याहून जास्त दिला की धागेही विरघळतात आणि रेशीम उरतं.

मला स्वतःला पानाच्या वेळाला १६ ने आणि ८ ने भागून येणाऱ्या शटरच्या मधली जागा आवडते. रेशीम पहिल्या वर्षी सगळ्यांना आवडतं, मलाही आवडायचं. नंतर लक्षात आलं की कुठल्याही नदीचं रेशीम सारखंच दिसतं. फटकारे मात्र प्रत्येक दगडाचे वेगळे. यंत्रमागावर आयुष्य गेलेल्या एका ओळखीच्या काकांना मी १/८ चा एक प्रिंट दाखवला. बाजूबाजूनं धावणाऱ्या पांढऱ्या-करड्या रेघा होत्या. त्यांनी तो उभा धरला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, ‘ताणा लावल्यासारखं दिसायलंय की. हितं एक धागा तुटलाय बघा.’ बोट ठेवलं तिथे प्रवाहात बुडालेली बारीक काटकी होती, जी मला तोवर दिसलीच नव्हती.

आता हवा तो शटर मिळवायचा कसा? लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर एफ ११ (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) ठेवलं की शटर साधारण १/२०० येतो. तीन स्टॉपचा एनडी ८ लावला की १/२५. सहा स्टॉपचा एनडी ६४ लावला की साधारण १/३ सेकंद. दहा स्टॉपचा एनडी १००० लावला की पाच सेकंद, जे नदीसाठी बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त असतात. म्हणून मी सहाचा घ्या म्हणतो. फिल्टरच नसेल तर ऊन टाळा. पुलाखालच्या किंवा उंच काठाच्या सावलीत उजेड तीन-चार स्टॉपनं उतरतो आणि १/१५ च्या आसपास आपोआप मिळतो. ॲपर्चर एफ २२ पर्यंत बारीक करून शटर लांबवायचा मोह होतो, पण क्रॉप सेन्सरवर एफ १६ च्या पुढे बारकावे मऊ पडत जातात. एफ ८ ते एफ ११ मध्ये राहा.

एक्स्पोजर मोजताना फेसाकडे लक्ष द्या. पांढरा फेस आणि उन्हाची चमक जळून गेली की परत मिळत नाही. मी दोन-तृतीयांश स्टॉप कमी करून सुरुवात करतो, हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघतो, मग हवं तर वाढवतो. फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली) ठेवा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेची सेटिंग, ऑटोवर सोडू नका. एकाच जागेचे पन्नास फोटो पन्नास छटांचे निघाले की निवडताना डोकं फिरतं.

रंग आणि पोलरायझरची माझी फजिती

पोलरायझर घेतला त्या वर्षी मी तो लेन्सवरून काढलाच नाही. पुस्तकी नियम पाठ होता: पाण्याची चकाकी घालवायची तर पोलरायझर लावा. पाण्याच्या सपाटीशी नजर साधारण ३७ अंशांत असते तेव्हा त्याचा परिणाम सर्वांत जोरदार होतो, हेही ठाऊक होतं. एका संध्याकाळी समोरच्या काठावरचा मातीचा कडा मावळतीच्या उन्हानं पेटला होता आणि सावलीतल्या पाण्यात तांबडं-सोनेरी वितळत होतं. मी अगदी त्याच कोनात बसलो, फिल्टर पूर्ण फिरवला आणि दीडशे फोटो काढले. घरी येऊन बघतो तर दीडशेच्या दीडशे फोटोंत चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी. मी पुसून टाकलेली ‘चकाकी’ म्हणजेच ते सोनं होतं.

म्हणून पोलरायझर लावा, पण डोळा लावून फिरवा. पूर्ण फिरवला की प्रतिबिंब जातं आणि तळ दिसतो. उथळ, निवळ पाण्यात तळावर उन्हाची हलती जाळी असते. लाटेची प्रत्येक उंच घडी भिंगासारखी उजेड गोळा करते, त्यातून ही जाळी तयार होते. ती टिपायची असेल तेव्हाच पूर्ण पोलरायझर. रंग हवा असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर अर्धवट फिरवून थांबा. तो लावला की सुमारे दीड स्टॉप उजेडही कमी होतो, हे शटरच्या हिशोबात धरा.

परातीतला धडा इथे कामी येतो: पाणी सावलीत, समोरची वस्तू उन्हात. सकाळी तुमच्या बाजूचा काठ सावलीत असेल तर पलीकडच्या काठाचं ऊन पाण्यात उतरतं. संध्याकाळी बाजू बदलते. पलीकडे काय आहे ते आधी बघून ठेवा. हिरवा ऊस असेल तर हिरवं, मुरमाड कडा असेल तर गेरू, लाल ट्रॅक्टर उभा असेल तर नशीब. वर निळं आकाश असेल तर लाटेच्या एका उतारावर काठाचा रंग आणि दुसऱ्या उतारावर निळा असं विणकाम मिळतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नऊ वाजता ऊन इतकं कडक होतं की पाण्यात फक्त चमक उरते. तेव्हा डबा उघडा, शेंगाचटणी-भाकरी खा आणि घरी या.

फोकस कुठे

प्रतिबिंबाचा फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नसतो. घमेलं ४० सेंटिमीटरवर आणि चादर तिथून दोन मीटरवर असेल, तर पाण्यातल्या चादरीचा फोकस दोन मीटर ४० सेंटिमीटरवर लागतो. ४० सेंटिमीटरवर लावलात तर पाण्यावर तरंगणारी धूळ ठळक येईल आणि चादर मऊ. दोन्ही चित्रं चांगली होऊ शकतात, पण ठरवून करा. ऑटोफोकस पाण्यावर पुढे-मागे धावत राहतो. एकदा तरंगत्या पानावर किंवा फेसाच्या कडेवर लावून घ्या आणि मॅन्युअलवर टाका.

वडकबाळचा बंधारा, जरा जवळून

शहरापासून विजापूर रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर, वडकबाळला, सीना नदी लागते. माझे निम्म्याहून जास्त फोटो त्या परिसरातल्या बंधाऱ्यावरचे आहेत. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीत ओळीनं उभे खांब आणि मधल्या खाचांत बसवलेली दारं. पावसाळ्यात दारं काढलेली असतात आणि नदी खांबांमधून मोकळी जाते. पाऊस ओसरला की पाणी अडवायला दारं टाकतात. फोटोवाल्याला म्हणून एकाच जागी दोन वेगळ्या नद्या मिळतात.

दारं काढलेली असताना खांबांच्या मागे बघा. प्रवाह खांबाला दोन्ही बाजूंनी वळसा घालतो आणि मागे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे भोवरे सोडत जातो. त्यांच्यात एक ताल असतो. पाच मिनिटं नुसतं बघितलं की पुढचा भोवरा कधी सुटणार हे कळायला लागतं, मग शटर त्याच्यासाठी राखून ठेवायचा. पुराचं पाणी गढूळ, चॉकलेटी आणि चकचकीत असतं. ढगाळ दिवशी त्यावर आकाशाचा राखाडी पत्रा पसरतो आणि भोवऱ्याच्या कडा धातूसारख्या दिसतात. १/१५ ते १/८ इथे छान बसतो.

दारं टाकल्यावर खरी मजा गळतीत आहे. फटींमधून पाण्याची पातळ पाती बाहेर पडतात, कुठे पंख्यासारखी पसरतात, कुठे पिळ घेतात. गंजाचा तांबडा रंग आणि शेवाळाचा हिरवा मागे असतोच. सकाळचं ऊन आडवं आलं की प्रत्येक पातं वेगळं उजळतं. इथे मी दोन्ही टोकं वापरतो. १/२००० ला पातं सुटतं तिथे काच, पुढे त्याच्या कडा दोरीसारख्या जाड होतात, त्या दोऱ्यांचे मणी होतात आणि मण्यांचे थेंब. हे सगळं एका वीत लांबीत घडतं आणि नुसत्या डोळ्याला कधीच दिसत नाही. मग त्याच चौकटीत अर्धा सेकंद, आणि गंजलेल्या दारावर कुणीतरी खडूचा बोळा फिरवल्यासारखं.

दारांवरून पाणी ओसंडत असेल तर ती गडद, गुळगुळीत कमान जिथे फुटून पांढरी होते तो सांधा शोधा. बहुतेक जण खालचा फेस टिपतात. मला ती बोटभर जागा आवडते जिथे पाणी अजून काळं आहे, पण फुटणार हे ठरलेलं आहे.

सुरक्षिततेचं आता नीट वाचा. बंधाऱ्याच्या भिंतीवर आणि खालच्या ओट्यावर शेवाळ असतं. ट्रायपॉडचा एक पाय घसरून माझा एक फिल्टर सीनेनं घेतलाय, आणि त्याच्यामागे मीही गेलो असतो. लांबची लेन्स म्हणूनच. काठावर कोरड्या जमिनीवर उभं राहा. भीमेवर तर जास्तच सावध राहा. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणातून नदीत पाणी सोडलं की कोरड्या दिवसांतही पातळी चढते. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यासाठीही ते असंच नदीवाटे सोडलं जात आलंय. वर्तमानपत्रात विसर्गाची बातमी बघून निघा, आणि खालच्या गावात चहा पिताना ‘पाणी वाढलंय का?’ एवढं विचारा.

काठावर मासे धरणारे असतात. एकानं मला तासभर बघितलं आणि शेवटी न राहवून म्हणाला, ‘सर, तितं काय नाय ओ. मासं तिकडं हायती.’ त्यांच्या गळाच्या रेषेत पान टाकू नका.

बाकीच्या जागा, धावत

सिद्धेश्वर तलाव वाहता नाही, पण वारा त्याला हलवतो. हिवाळ्यात सातच्या सुमारास, सूर्य नुकता वर येताना वारा पडलेला असतो. भुईकोट किल्ल्याच्या दगडाचं प्रतिबिंब पाण्यात स्थिर असतं, आणि एक मासा उडाला की सगळा बुरूज वितळतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत मंदिरावर रोषणाई असते. संध्याकाळी अर्धा ते एक सेकंद शटर ठेवला की दिव्यांची प्रतिबिंबं तुमच्याकडे येणाऱ्या लांब उभ्या रेघा होतात. त्या आडव्या का पसरत नाहीत? लहान लाटा प्रतिबिंबाला मुख्यतः तुमच्या दिशेनं ओढतात, बाजूला कमी.

हिप्परग्याचा एकरुख तलाव तुळजापूर रस्त्यावर आहे, इंग्रजी अमदानीतला. मोकळं, पसरलेलं पाणी. जून-जुलैत नैऋत्येचा वारा त्यावरून सुटला की लाटांवर बारीक लाटा चढतात. पावणेदोन सेंटिमीटरहून आखूड तरंगांना पाण्याचा पृष्ठताण सांभाळतो, म्हणून ते ताणलेल्या कापडाच्या सुरकुतीसारखे दिसतात. इथे ट्रायपॉड ठेवून द्या. हातात कॅमेरा, १/४ सेकंद, आणि शटर उघडा असताना कॅमेरा लाटांच्या रेषेत आडवा ओढा. वीसातला एक जमेल, तो बाकी एकोणिसांचं भाडं वसूल करतो.

कालवे आणि चाऱ्या. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाण्याची पाळी, सुटलं की सिमेंटच्या चारीत पाणी एकसारखं, काचेसारखं पळतं आणि उतार संपला की अचानक उसळून जाड होतं. ती उसळीची रेघ जागची हलत नाही, फक्त थरथरते. बघायला सुंदर. पण मोठ्या कालव्याच्या तिरप्या अस्तरावर पाय ठेवू नका. ओल्या सिमेंटवरून वर चढता येत नाही, पोहणाऱ्यालाही. शेतातली चारी निवडा, आणि शेतकऱ्याला विचारून बांधावर जा.

हत्तरसंग कुडल इथे भीमा आणि सीना मिळतात. इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख तिथे आहे म्हणून अभ्यासक जातात, मी जातो दोन पाण्यांच्या शिवणीसाठी. एकीला पूर आणि दुसरी त्या मानानं निवळ असेल, तर दोन रंग काही अंतर एकमेकांत न मिसळता शेजारून चालतात आणि मधल्या रेघेवर छोटे छोटे आकडे वळतात. हा योग जुळायला नशीब लागतं.

पंढरपूरला चंद्रभागेत वारीच्या दिवसांत पताकांचा भगवा पाण्यात उतरतो. तिथे लेन्स खाली, पाण्यावरच ठेवा. स्नान करणाऱ्या माणसांकडे कॅमेरा वळू नये, आणि वळलाय असं त्यांना वाटूही नये. कुणी विचारलं तर मागचा पडदा फिरवून फोटो दाखवा. रेघा बघून माणसं हसतात आणि जाऊ देतात.

चौकट आणि निवड

शटर दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून फिरवा. कोपऱ्यात आलेली गवताची एक काडीही ‘हा काठ आहे’ असं ओरडून सांगते. प्रवाह तिरपा बसवा. सगळ्या रेघा आडव्या असल्या की चित्र निजतं. सगळंच मऊ झालं असेल तर एखादी स्थिर गोष्ट राहू द्या, ओल्या दगडाचं टोक किंवा अडकलेलं एक पान.

एका जागी निदान चाळीस मिनिटं थांबा. पहिल्या दहा मिनिटांतले फोटो सगळ्यांसारखे येतात. घरी आल्यावर लगेच निवडू नका, दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे ‘किती थंडी होती तेव्हा’ हे विसरायला होतं. मग फोटो उलटे करून बघा. वरची बाजू खाली केल्यावरही जो तोल राखतो, तो ठेवा. तीनशेतून मला पाच मिळाले तर मी खूश असतो.

संगणकावर थोडंच करा: क्रॉप, काळ्या-पांढऱ्याचा तोल, गरज पडली तर फिरवणं. रंगांची पट्टी उजवीकडे ढकलायचा मोह आवरा. पाण्यातला भगवा आधीच कुणाच्या तरी पताकेचा असतो, त्याला आणखी भडक करायची गरज नसते. प्रिंट काढायचा तर मॅट कागदावर काढा. चकचकीत कागदावर खोलीतली ट्यूबलाइट पाण्यात पोहते.

आणि एक वही ठेवा. फाइलमध्ये शटर-ॲपर्चर नोंदलेलं असतं, पण पानाचा वेळ, दारं टाकली होती की काढली होती, पलीकडच्या काठावर ऊस उभा होता की तुटला होता, हे कॅमेरा लिहीत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी जाताना हेच कामाला येतं. माझ्या वहीत वडकबाळची शेवटची नोंद अशी आहे: ‘डिसेंबर, सकाळी ७.४०. पान ३ सेकंद. दारं टाकलेली, काठाकडून तिसऱ्या गाळ्यात गळती. ऊन गळतीवर ८.१० ला पोचलं. पानं संपली, पुढच्या वेळी मूठभर न्यावीत.’